पाणी रोज मारलं

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि ओल्या सिमेंटचा वास आत आला. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर स्लॅब पडत होता. रस्त्यात रेडिमिक्सचा अजस्र ट्रक आपलं पोट गरागरा फिरवत उभा होता, जाडजूड नळ तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता आणि वर चार-पाच माणसं गुडघ्यापर्यंतचे बूट घालून तो राखाडी लगदा इकडून तिकडे सारत होती. माझा चहा होऊन, दूध तापून, भाजी फोडणीला पडेपर्यंत निम्मा स्लॅब झालासुद्धा. फावड्यांची खरखर नाही, घमेल्यांची साखळी नाही, कुणी कुणाला हाकारणं नाही. वास तेवढा तोच होता. गार, किंचित तुरट, विहिरीच्या ओल्या दगडाला नाक लावावं तसा. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी घर बांधलं आहे त्यांना हा वास सुखाचा वाटत असणार. मला तो आला की मी खिडकी लावून घेते.

आमचं घर सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला, वरची खोली बांधली तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच असलेल्या एका सोसायटीत. खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. मी शाळेत शिक्षिका, आणि यांची नोकरी परगावी; पंधरवड्यातून एकदा घरी येणं. वर एक खोली असावी, पुस्तकं तिथं न्यावीत, खिडकीशी बसून वह्या तपासाव्यात, एवढीच माझी हौस. मे महिन्याच्या सुट्टीत काम काढायचं आणि मृगाच्या आत छत पूर्ण करायचं असं ठरलं. कुणीतरी मंद्रूपच्या एका मिस्त्रीचं नाव सुचवलं. उंच, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. ओळंबा लावून भिंतीकडे एक डोळा मिटून बघायचा तेव्हा देवापुढे उभा राहिल्यासारखा दिसायचा. त्याच्याबरोबर त्याची बायको यायची. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. खरं तर ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असेल.

बांधकामावर बायका असतात त्या घमेली उचलायला, पाणी शेंदायला, विटा द्यायला. अक्काचं तसं नव्हतं. माल कालवायचं काम तिचं होतं, आणि त्यात ती कुणाला लुडबूड करू देत नसे. खोली एकच, तेवढ्यासाठी मशीन कशाला आणायचं, म्हणून आमच्या स्लॅबचा सगळा माल हातानंच कालवायचं ठरलं होतं. अंगणात लोखंडी पत्रे अंथरलेले, त्यावर वाळू, वाळूवर सिमेंट. ते कोरडंच तीनदा उलटंपालटं करायचं, रंग एकसारखा दिसेपर्यंत. मग खडी. मग मध्ये आळं करून पाणी. तेलाच्या एका जुन्या डब्यानं ती पाणी मोजून ओतायची, आणि शेवटचा अर्धा डबा हातात धरून थांबायची. मूठभर माल उचलायचा, आवळायचा, तळहात उघडून बघायचं. गोळा तसाच राहिला आणि हात नुसता ओला झाला तर ठीक. बोटांमधून पाणी ओघळलं तर बिघडलं. घमेली वाहणाऱ्यांना पातळ माल आवडतो, तो उचलायला नि ओतायला सोपा जातो. ते म्हणत, घाला की अक्का आणखी एक डबा. ती मान वर न करता म्हणायची, "तुमचं हात आज दुखतील. छत जलमभर दुखल." मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि मनात येई, माझ्या वर्गात असं नेमकं बोलणारं एक जरी पोर असतं तर.

स्लॅबच्या दिवशी उजाडायला नारळ फोडला. हे रजा काढून आले होते. दुपारचं ऊन माथ्यावर यायच्या आत शेवटचं घमेलं वर गेलं. मी सगळ्यांना शेंगापोळी आणि तूप वाढलं. अक्का जेवताना हसून म्हणाली की बाईंनी पोळ्यांचं पीठ बरोबर मळलंय, पाणी जास्त झालेलं नाही. तिच्याकडून मिळालेली ती शाबासकी मला आजही आठवते, आणि आठवली की बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं स्लॅबवर मातीचे बारीक बांध घालून आळी केली, आणि पाणी भरून मला शिडीवर बोलावून दाखवलं. सोलापूरच्या उन्हात हे पाणी दोन-तीन तासांत आटणार, तेव्हा दिवसातून चार वेळा तरी भरायचं, आठ दिवस आळी कोरडी पडू द्यायची नाही, असं त्यानं मला दोनदा समजावलं. त्यांचं पुढचं काम पलीकडच्याच गल्लीत होतं, तेही मीच एका ओळखीच्या कुटुंबाला सांगून मिळवून दिलेलं. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येई, पण अंगणातला हौद भरलेला होता आणि गच्चीवर दोन पिंपंही भरून ठेवली होती. "पानी म्हंजे त्याचं दूध हाय, बाई," मिस्त्री म्हणाला. "बाळंतिणीच्या खोलीत जावं तसं येळच्या येळी वर जावा." मी होय म्हणाले. हे त्याच संध्याकाळी परत कामाच्या गावी गेले.

पहिले दोन दिवस मी अगदी मनापासून पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी वेळापूरला, माझ्या माहेरी, चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी आळी काठोकाठ भरली, हौदाच्या झाकणाला कुलूप घातलं, कारण मे महिन्यात आमच्या भागात पाण्याचीही चोरी होते, फाटकाला कुलूप घातलं आणि एसटीत बसले. संध्याकाळी परतायचं असं ठरवूनच गेले होते. शेजारणीला सांगायला हवं होतं, पण एका दिवसासाठी कुणाला शिडी चढायला लावायची. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि आम्ही पाच-सहा बहिणी किती वर्षांनी एकत्र आलो होतो. राहा गं, असं एकीनं म्हटलं, दुसरीनं पिशवीच लपवली. मी राहिले. दुसऱ्या दिवशी निघायचं तर आमरसाचा बेत. तिसऱ्या दिवशी देवळात जायचं. त्या तीन दिवसांत स्लॅब मला आठवला नाही असं नाही. रोज आठवला. दुपारी ओसरीच्या सावलीत बसून बाहेर पांढरंफटक ऊन बघताना मी स्वतःला सांगायची की स्लॅब काय पळून जातोय थोडाच. संध्याकाळी यांचा फोन यायचा. मी गोठ्याच्या मागे, जिथं लग्नघराचा आवाज पोचत नाही तिथं जाऊन बोलायची. पाणी मारलंस का, असं ते विचारायचे. मारलं, असं मी म्हणायची. खोटं बोलायला तेवढंच लागलं. एक शब्द आणि गोठ्याची भिंत.

चौथ्या दिवशी दुपारी परत आले आणि पिशवी जोत्यावर टाकून थेट वर गेले. स्लॅब हाडासारखा पांढरा पडला होता. बांध भेगाळून फुटले होते. मी पाइप लावला तर पहिलं पाणी चर्र आवाज करत आत गेलं, बुडबुडे आले, आणि तहानलेल्या जनावरानं ओढून घ्यावं तसं ते नाहीसं झालं. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत बारीक रेषा गेल्या होत्या. गच्चीवरची दोन्ही पिंपं रिकामी होती. उन्हानं आटली असतील, असं मी मनात म्हटलं. झाकण घातलेलं पिंप तीन दिवसांत आटत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो विचार पुढं न्यायची माझी तयारी नव्हती. मी माती कालवून नवे बांध घातले, आळी भरली, आणि पुढचे दिवस चारच्या जागी सहा वेळा वर गेले.

सेंट्रिंग काढायला मिस्त्री अक्काला घेऊन आला तो रविवार होता. हेही आले होते. फळ्या उतरल्या, टेकू निघाले, आणि मिस्त्री वर जाऊन बराच वेळ खाली आलाच नाही. थापीच्या मुठीनं जागोजाग ठोकल्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्यानं आम्हाला वर बोलावलं. आटलेल्या तळ्याच्या तळाला पडते तशी रेषांची जाळी सगळीकडे दिसत होती. त्यानं माझ्याकडे बघून साधंच विचारलं, "बाई, पानी रोज मारलं व्हतं का?"

मी म्हणाले, "रोज मारलं."

मला वाटतं, त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची भीती नव्हती आणि मिस्त्रीचीही नव्हती. मुलं मला 'बाई' म्हणतात, सोसायटीत माझ्या शब्दाला मान आहे, हे सगळं एका पांढऱ्या स्लॅबपायी हलेल, एवढंच मनात होतं. हे चिडले. मी रोज फोनवर विचारत होतो, तिनं रोज पाणी घातलंय, म्हणजे मालातच खोट आहे, असं ते बरंच काही बोलले. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. मग तो बायकोकडे वळला आणि तिला कानडीत काहीतरी म्हणाला. ते दोघं आपसांत कानडीत बोलत, मला ती भाषा येत नाही. त्या लांबलचक बोलण्यातला मला एकच शब्द कळला, नीरु, पाणी. माल कालवताना तिनं पाणी जास्त घातलं, असं तो म्हणत होता हे समजायला भाषा येण्याची गरज नव्हती. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती. मी शिडीकडे वळले आणि चहा टाकते म्हणाले.

पावसाळ्यात खोली गळली. मिस्त्री निरोप मिळताच आला, एकटाच. दोन दिवस राबून त्यानं भेगा उकरल्या, भरल्या, वरून जाड थर दिला. माल आमचाच हलका पडला, बाई, असं जाताना स्वतःहून म्हणाला. अक्का का आली नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला की ती दुसऱ्या कामावर घमेली उचलते आहे, मालाला आता तिला हात लावू देत नाही. मी तेव्हा ओठ उघडले होते हे मला पक्कं आठवतं. पण तो पायात चपला सरकवत होता, यांच्या फोनची घंटा वाजली, आणि मी ओठ मिटले. माणसाला गप्प बसायला नेहमीच काहीतरी मिळतं.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं गेली. खोलीत पुस्तकं आली, खिडकीशी टेबल आलं. वह्या तपासताना मान वर केली की छताचा तो डागडुजीचा पट्टा दिसायचा. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आला की मी शक्यतो दुसऱ्या बाईंना बदलून द्यायची. हे निवृत्त होऊन घरी आले आणि घर बांधण्याचा विषय निघाला की मिस्त्रीची गोष्ट सांगू लागले. सांगून सांगून ती गोष्ट घोटीव झाली होती. त्यात पाणी घालून पातळ केलेला माल होता, रोज शिडी चढणारी माझी मूर्ती होती, लोकांना हसू येईल अशा जागा होत्या. एकदा शेजारच्या वास्तुशांतीला त्यांनी ती सांगितली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, बरं झालं कळलं, आम्ही मंद्रूपच्या त्याच माणसाला बोलावणार होतो. माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. वेळापूर, गोठा, पांढरा स्लॅब, सगळं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मंद्रूपला जा. आणि एकटी जा." त्या गृहस्थांना मात्र त्यांनी लगेच फोन लावला, आणि माझी चूक होती असं न लपवता सांगितलं.

मी गेले. बाजाराचा दिवस होता, एसटी खचाखच भरलेली. मिस्त्रीचं घर विचारत विचारत पोचले. तो अंगणात बाजेवर बसला होता. गुडघे गेले होते, कामावर जाणं जवळजवळ थांबलं होतं. अक्का सुपात ज्वारी पाखडत होती. केस निम्मे पिकलेले, बोटांच्या पेरांवर सिमेंटनं पडलेल्या जुन्या चिरा तशाच. दोघांनी मला ओळखलं, पाणी दिलं, चहा ठेवायला ती उठू लागली. मी तिला बसायला सांगितलं आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. तीन दिवस पाणी घातलं नव्हतं, मी खोटं बोलले, माल चांगला होता.

अक्का सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मला ठावं हाय ते. मी आले व्हते की."

मग तिनं सांगितलं. मी वेळापूरला गेले त्याच दुपारी विसरलेलं घमेलं न्यायला ती पलीकडच्या गल्लीतून आली होती. फाटकाला कुलूप बघून भिंतीवरून उतरली, वर गेली, तर आळी कोरडी. दोन्ही पिंपांतलं पाणी बादली बादली करून तिनं शिडीवरून वर नेलं आणि ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पण पिंपं रिकामी होती आणि हौदाला कुलूप होतं. थोडा वेळ तिथं बसून ती परत गेली. नवऱ्याला तेव्हा बोलली नाही, कारण पलीकडचं काम माझ्याच शब्दावर मिळालं होतं आणि तो माझ्या दारात येऊन बोलल्याशिवाय राहिला नसता.

मिस्त्रीनं आपल्या पायांकडे बघत विचारलं, "मग त्या दिवशी स्लॅबवर का बोलली न्हाईस?"

ती त्याला कानडीत उत्तर देऊ शकली असती. पण ती मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून. "बाई बोलतील आसं वाटलं. आन् मी बोलले आसते तर तुमी कुणाचं खरं धरलं आसतं? शाळंतल्या बाईंचं का माझं?"

तो उठला, भिंतीला हात देत देत अंगणाबाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी रडू लागले होते. अक्कानं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली की माफ करायला काय लागतंय. पण त्यानंतर घमेल्याखाली मान गेली, आणि मालाच्या ढिगाजवळून जाताना मान वळवून जायची सवय लागली. आता तर सगळीकडे मशीन आलं, हातानं कोण कालवतंय. हे ती तक्रारीसारखं बोलली नाही. त्यामुळे मला ते जास्त लागलं. माझं खरं सांगणं तिच्यापर्यंत पोचलं होतं, पण ते वापरायची जागाच जगातून गेली होती.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मागच्या दारी धुण्याचा ओटा करायचा आहे, लहानसाच आहे, मशीन लागणार नाही. ओटा खरंच करायचा होता की त्या क्षणी मला तो सुचला, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. अक्कानं माझ्याकडे नीट बघितलं. तिला कळलं असणार. म्हणाली, "बघू. ह्यांचं गुडघं बरं आसलं तर येतो."

पंधरा दिवसांनी दोघं आली. मिस्त्रीनं बसूनच विटा रचल्या. माल कालवायची वेळ आली तेव्हा त्यानं फावडं उचललं नाही. ते तिच्या बाजूला सरकवलं आणि पाण्याचा डबा स्वतः हातात घेतला. तिनं वाळू-सिमेंट तीनदा उलटंपालटं केलं, खडी मिसळली, मध्ये आळं केलं. मिस्त्री डबा वाकडा करून थांबला आणि तिला विचारलं, "किती वतू?" तिनं बोटानं दाखवलं, एवढं. तो तेवढंच ओतून थांबला. पुन्हा तिच्याकडे बघितलं. असं चार-पाच वेळा झालं. मी दारात उभी होते, पण तिथून निघून आत गेले. ते बघायला मी तिथं असू नये असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरून मागच्या दारी गेले तर अक्का फाटकातून आत येत होती. पहिल्या एसटीनं आली होती. तिनं माझ्या हातातली बादली घेतली, बरोबर आणलेलं पोतं ओट्यावर पसरलं आणि पाणी घातलं. सावलीत बसून राहिली. दुपारी दोनदा घातलं, संध्याकाळी एकदा, आणि शेवटच्या गाडीनं गेली. मी म्हटलं, अक्का, एवढ्या लांबून कशाला, मी घालीन की. ती हसली, नाही म्हणाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. असे सात दिवस. आम्ही बरोबर जेवलो, तिनं मला कानडीतले दहा-बारा शब्द शिकवले, मी तिला जुने फोटो दाखवले. माझ्यावर तिचा राग राहिला नव्हता, याबद्दल मला शंका नाही. पण बादली तिनं एकदाही माझ्या हातात दिली नाही. राग जाणं आणि भरवसा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर, माझ्याच मागच्या दारी बसून कळलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिनं पोतं उचललं, पिळलं, झटकलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं. ओट्यावरून तळहात फिरवला. मला तेवढ्यात वाटून गेलं की आता तरी, आणि मी विचारलं, "उद्यापासून मी घालू का पाणी?"

"ऱ्हावू द्या, बाई," ती पदर सारखा करत म्हणाली. "आता त्याला काय लागत न्हाय."